भिंत झालेली होडी

बा,

तू उभी केलेली भिंत आता घरात नाही. हे तुला कोणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारी आता मीच उरले आहे. घरही नाही म्हणा. तिथं पत्रे ठोकून आडोसा केलाय आणि आत मशीन खड्डा खणतंय. आम्ही तात्पुरते विठ्ठलवाडीला भाड्याच्या जागेत आहोत, मी, तुझा नातू आणि नातसून. लिफ्ट आहे, संडास घरात आहे, नळाला पाणी आहे. सगळं हवं तसं आहे. फक्त बसायला गेलं की पाठ कुठं टेकायची ते कळत नाही. इथल्या भिंती सरळ आहेत. सरळ भिंतीला पाठ लावून बसलं की ती आपल्याला ढकलते आहे असं वाटतं. सून म्हणते, "आई, उशी घ्या ना." उशी घेते. उशीनं काय होणार.

आपल्या खाडीकडच्या भिंतीला पोट होतं. बाहेरून फुगलेली, आतून खोलगट. डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी एवढी घरं झाली, पण तसलं घर दुसरं नव्हतं. होडीनं विटा आणि गवत वाहायचे दिवस संपले, ट्रक आले, आणि तुझी होडी चिखलात एका कुशीवर पडून राहिली. लोक म्हणाले, फोडून सरपणाला घाला, वर्षभर पुरेल. तू ऐकून घेतलंस आणि एक दिवस पहार घेऊन गेलास. मला वाटलं, आता फोडणार. पण तू तिची एक अख्खी बाजू, फळ्या आणि त्यांना आतून धरणाऱ्या वाकड्या बरगड्यांसकट, सोडवून आणलीस. चार माणसांनी खांद्यावर घेतली होती. पालखी येते आहे असं वाटून म्हातारीनं, म्हणजे तुझ्या आईनं, दारात पाणी शिंपडलं. बाकीच्या तीन बाजूंना तू कुडाच्या आणि नंतर विटांच्या भिंती घातल्यास, आणि चौथ्या बाजूला होडी उभी केलीस. "या लाकडानं आपल्याला पोसलंय," म्हणालास. "याला चुलीत घालायचं नाय. उद्या घर पाडलात तर पाडा, पन याला कायतरी काम द्या." हे तू मला एकटीला सांगितलं नव्हतंस, सगळ्यांसमोर म्हणाला होतास. पण सगळे गेले. वाक्य माझ्याकडे राहिलं.

त्या खोलगट जागेत माझी पाठ बरोबर बसायची. तिथं बसून मी तांदूळ निवडले, पोर पाजलं, आणि तिथंच बसून वर्तमानपत्र वाचायला लागले. शाळा तर चौथीतच सुटली होती, धाकटी भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं होतं. पण माझी खरी शाळा तू रविवारी काढायचास. होडी गेल्यावर तू कल्याणच्या बाजारात हातगाडी ओढायला लागलास आणि रविवारी, जेव्हा गाडी ओढायची नसायची, तेव्हा मला घेऊन तिथंच जायचास. गाड्या बघायला. आई म्हणायची, "सुट्टीच्या दिवशी माणूस देवळात जातो, आमचे हे ट्रकच्या पाठी बघायला जातात." तू मला एका ट्रकमागं उभी करायचास आणि विचारायचास, "काय लिवलंय?" मी अक्षर अक्षर जोडून सांगायची. आवाज द्या. आईचा आशीर्वाद. कुठल्या तरी गावचं नाव. तुला स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मी चुकले तरी तुला कळायचं नाही. पण मी अडखळले की तू ट्रककडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचास, आणि मला परत पहिल्यापासून वाचावं लागायचं. आज मी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, जाहिरातींसकट. पण बाराखडी अजून ट्रकच्या मागचीच आहे, रंगीत आणि कडेला फुलं काढलेली.

आणि वेगळी गाडी दिसली की तुझं ठरलेलं होतं. धार लावणाऱ्याची सायकल असो, दोन वेगळ्या मापांची चाकं लावलेली बर्फाच्या गोळ्याची गाडी असो, नाहीतर फिरत्या लोहारांची ती बैलगाडी, जिच्यात त्यांचा सगळा संसार असायचा. आधी हात पाठीमागं बांधायचे, म्हणजे कुठं लागणार नाहीत. मग गाडीभोवती एक फेरी मारायची. मग मालकाला विचारायचं, "ही कोनी बांदली?" आणि जाता जाता एक चांगली गोष्ट सांगायची. एकच. मी एकदा विचारलं, दोन का नाही? म्हणालास, "दोन सांगितल्या की त्याला वाटतं याला कायतरी फुकट पायजे." त्या लोहारणीला तू म्हणालास, "ताई, पोरगं झोपतं तिथं चाकाचा हादरा जात नाय, हे झ्याक केलंस." तिनं आपल्याला चहा पाजला होता, पितळेच्या वाटीत. नवरा तिचा बघतच राहिला, की याला हे कसं दिसलं. मला आता कळतं, तू गाडी बघत नव्हतास. ती बांधताना कोणाचा विचार केला होता ते शोधत होतास.

मी मोठी होत होते आणि मला आपल्या भिंतीची लाज वाटायला लागली होती, हेही तुला ठाऊक होतं. गल्लीतल्या पोरी चिडवायच्या, "हिचं घर गरोदर आहे." एकदा मी तुला म्हटलं, आपण आतून सिमेंट मारून सरळ करून घेऊ. तू जेवत होतास. घास तसाच हातात ठेवून म्हणालास, "सरळ होडी कुठं बगितलीस गो तू?" एवढंच. मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. आणि तिसऱ्या दिवशी कामावरून येताना खोक्याच्या लाकडाची एक गाडी घेऊन आलास, खाली चार जुन्या बेअरिंगची चाकं, पुढं दोरी. पाण्याचे हंडे ठेवायला त्यात गोल खाचा कापलेल्या. सार्वजनिक नळावरून डोक्यावर पाणी आणून माझी मान आखडायची, ते तू कधी बोलून दाखवलं नव्हतंस. ती गाडी दगडांवरून जाताना एवढा आवाज करायची की मी निघाले हे नळावर आधी कळायचं. आधी सगळ्या हसल्या. मग एकेकीचा नवरा तुझ्याकडे येऊन बेअरिंग कुठं मिळतात ते विचारून गेला. त्या गाडीच्या मागं मी कोळशानं लिहिलं, बाची गाडी. माझ्या मनानं लिहिलेले ते पहिले शब्द. तू विचारलंस, "काय लिवलंय?" मी म्हटलं, आवाज द्या.

भिंतीला तेल पाजायचं मी कधी सोडलं नाही. होडीला पावसाआधी माशाचं तेल आणि डांबर द्यायचं असतं, तसं तू भिंतीला द्यायचास, शेजारी चुना मारत असताना. नारळी पुनवेला तिला नारळही दाखवायचास. तू गेल्यावर मी दिलं, लग्न होऊनही मी त्याच घरात राहिले होते. नवरा होता तोवर तो शिडी धरायचा, मग मुलगा धरायचा. माशाचं तेल मिळेना झालं तेव्हा दुसरं दिलं. वास असा यायचा की सुनेनं लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात आठवडाभर नाकाला पदर लावून स्वयंपाक केला. पण लाकूड असं राहिलं की बोटानं वाजवलं तर ठणठण वाजावं.

जागा बिल्डरला द्यायचं भावकीनं ठरवलं तेव्हा मी विरोध केला नाही. खोटं कशाला सांगू, मला हवंच होतं. दर पावसाळ्यात खाडीचं पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं, गुडघे संपले होते, बाहेरच्या संडासाला रात्री छत्री घेऊन जायचं माझं वय राहिलं नव्हतं. मला थकवा आला होता बा, बाकी काही नाही. फक्त तुझं ते वाक्य राहिलं होतं. याला काहीतरी काम द्या. महिनाअखेर घर सोडायचं होतं आणि त्याआधी मला एका वाकड्या भिंतीला नोकरी लावायची होती.

मुलगा चांगला आहे. त्यानं सुतार आणला. म्हणाला, "आपण याचं टीव्हीचं कपाट करू, नवीन घरात आजोबांची आठवण." सुतारानं फळ्यांवरून हात फिरवला, ठिकठिकाणी खिळ्यांची डोकी बघितली आणि मान हलवली. "हे सागाचं नाही काकी, ऐनाचं लाकूड आहे. त्यात वाकडं. यातून सरळ काढायला गेलो तर भुसाच जास्त निघेल. आणि खिळ्यांवर माझी पाती जातील ती वेगळीच." दुसरा सुतारही तेच बोलला. मग जुनं लाकूड घेणारा आला. त्यानं एक ढलपी काढली आणि लायटर लावला. ती अशी पेटली, बा, की त्याला बोट झटकावं लागलं. त्याचा चेहरा उजळला. "आजी, हे तर एक नंबर आहे. बेकरीवाला डोळे मिटून घेईल. एवढं तेल प्यायलेलं लाकूड मी आजवर बघितलं नाही."

मी तिथंच ओट्यावर बसले. एवढी वर्षं आपण तिला कुजू नये म्हणून तेल पाजलं. तू पाजलंस, मी पाजलं. आणि पाजून पाजून काय केलं, तर भट्टीत सगळ्यात छान जळेल असं लाकूड तयार केलं. आपल्यासारखेच लोक असली चूक करतील. मुलगा माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आई, लाकूडच आहे गं शेवटी." तो चुकीचं बोलत नव्हता.

त्यानंतर मी शोधत फिरले. फिरले म्हणजे काय, शेअर रिक्षानं जायचं, उतरायचं, कुठंतरी बसायचं, परत यायचं. मखरं करणाऱ्याकडे गेले, तो थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठ्यात काम करतो. वेल्डिंगवाल्यांकडे गेले, त्यांना लाकूड नको. शहाडला पुलाच्या अंगाला नदीकडच्या वस्तीत एका बाईचं घर बघितलं, तिनं दाराला फ्रिजचं दार लावलंय. आतून अंडी ठेवायच्या खळग्यांत चाव्या आणि टूथब्रश, बाटल्यांच्या कप्प्यात पोरांच्या वह्या. मी हात मागं बांधून फेरी मारली आणि तिला म्हटलं, "दार आपसूक लागतं, हे छान झालं." ती हसत सुटली. "अहो मावशी, त्याच्यासाठीच तर आणलं. पोरं कधी दार लावतात का?" तिला माझ्या फळ्या देऊ केल्या. तिनं विचार केला, खरंच केला, आणि म्हणाली, "वाकड्या भिंतीला माझा पत्रा नाय बसायचा." बरोबर होतं. येताना रिक्षात मी ठरवलं, की आता पुरे. बेकरीवाल्याला देऊन टाकू. पाव तरी होतील कोणाचे. तूही समजून घेशील. तू थकलेल्या माणसाला कधी रागावला नाहीस.

तेव्हा विठ्ठलवाडीची ही जागा बघायला आम्ही जात होतो. स्टेशनबाहेर मुलगा चावी आणायला गेला आणि मी एका दुकानाच्या पायरीवर टेकले. समोर एक तीन चाकी टेम्पो उभा होता. त्याच्या मागच्या भागावर लोखंडी चौकट आणि चौकटीत टांगलेली पत्र्याची होडी. समोरासमोर बसायला दोन फळकुटं, मधे दोरी. गल्लोगल्ली फिरून पोरांना झोके देणारा तो माणूस होता, पन्नाशीचा असेल, गळ्यात रुमाल, वडा खात उभा. मला उठायचा कंटाळा आला होता. तरी उठले. हात मागं बांधले, फेरी मारली.

"ही कोणी बांधली?" मी विचारलं.

"मीच. का, काय झालं?" तो जरा सावध झाला. त्याला वाटलं असणार, पोराला काही लागलं म्हणून कोणी भांडायला आलं.

"दोरी लोखंडावर घासू नये म्हणून चामड्याचा पट्टा घातलात. बरं केलंत."

त्यानं वडा खाली ठेवला. "आजी, इतकी वर्षं गाडी फिरवतोय. लोक फक्त विचारतात, किती जण बसतात आणि किती मिनिटं. पट्टा कोणी बघितला नव्हता." मग जसं कोणी ऐकणारं मिळालं की माणूस दुखणं सांगतो, तसं तो सांगायला लागला. पत्र्याची कड गंजलीय. पोरांना ओरखडे येतात, आया बोलतात. फायबरची करून घे म्हणतात, पण ती हलकी पडते, झोका अंगावर येतो. लाकडाची पाहिजे. "पण एवढं गोल लाकूड आणणार कुठून? आजकाल सगळं सरळ मिळतं."

"गोल म्हणजे केवढं?"

त्यानं दोन्ही हात पुढं करून हवेत आकार काढला. बा, तो माझ्या पाठीचा आकार होता.

दुसऱ्याच दिवशी तो टेम्पो घेऊन आपल्या दारात आला. भिंतीसमोर उभा राहिला, हातही लावला नाही बराच वेळ. मग वास घेतला. "समुद्र प्यायलीय ही," म्हणाला. मी म्हटलं, खाडी. माझी एकच अट होती, ती सांगितली. याला जाळायचं नाही. धंदा बंद केलास तर दुसऱ्या कोणाला दे, बेकरीला नको. तो म्हणाला, "आजी, मी याच्यावर पोरं बसवणार आहे, पाव नाय भाजणार." सून आत फिस्सकन हसली. एवढ्या दिवसांत घरात पहिल्यांदा कोणी हसलं होतं.

मुलानं आणि त्यानं मिळून भिंत सोडवली. बरगड्या सुटताना लाकूड करकरलं, तू वल्हं मारताना करकरायचं तसंच. मग त्यांनी ती कलती केली आणि बाजूला घेतली, आणि घरात एकदम उजेड आला. मी बघते तर समोर खाडी. पूर्ण खाडी, ओहोटीची, चिखल, बगळे, पलीकडची खारफुटी. एवढं आयुष्य त्या घरात काढलं आणि घरातून खाडी कधी दिसली नव्हती. बाकी तीन भिंतींना तू खिडक्या ठेवल्या होत्यास. या बाजूला नाही. मला नेहमी वाटायचं, होडीला भोक कसं पाडणार म्हणून तू खिडकी काढली नाहीस. त्या दिवशी वाटलं, तुला ती बघायचीच नव्हती. होडी गेल्यावर रोज सकाळी उठून ते पाणी बघणं तुला नको होतं. म्हणून तू होडीनंच खाडी झाकलीस आणि तिला पाठ लावून बसलास. हे विचारायला तू नाहीस. मी तिथं उभी राहिले, आणि सून म्हणाली, "आई, चला आता, दमलात." दमले होतेच.

गाडी तयार झाल्यावर तो मला दाखवायला इथं विठ्ठलवाडीला घेऊन आला. मी खाली गेले. गुलाबी, बा. अख्खी गुलाबी, आणि त्यावर निळे मासे, माशांना पापण्या. आपण पिढ्यानपिढ्या मासे बघितले, पापण्यांचा मासा मी पहिल्यांदा बघितला. जिभेवर काहीतरी कडू बोलणं आलं होतं. पण हात आपोआप मागं गेले आणि मी फेरी मारायला लागले, एक चांगली गोष्ट शोधत. पुढून काही सापडेना. बाजूनं सापडेना. मग आत वाकून बघितलं. आतून रंग नव्हता. तेच काळं, तेलकट, गुळगुळीत लाकूड, तीच खोलगट जागा.

"आत का नाही रंगवलंस?"

"दोनदा मारला आजी. धरतच नाही. तेल रंगाला उभं करत नाही."

मग मी त्याला चांगली गोष्ट सांगितली, की वजन बरोबर तोललंस, झोका जड येतो पण धक्का देत नाही. आतल्याबद्दल बोलले नाही. ते त्यानं केलेलं नव्हतं.

मागच्या बाजूला लिहायला त्यानं जागा सोडली होती. म्हणाला, तुम्हीच सांगा काय लिहू, लाकूड तुमचं. मला पटकन सुचलं ते तुझंच. गवत उतरवायला तू मला बरोबर न्यायचास तेव्हा धक्क्याला लागल्यावर आधी तू उतरायचास, मग वळून हात पुढं करायचास. मी आपणहून उडी मारण्याएवढी झाले तरी. होडीतून मी एकदाही एकटी उतरलेली नाही. सावकास उतर गो, म्हणायचास. मी त्याला म्हटलं, लिही, सावकाश उतरा. पोरांच्या आयांना ते फार आवडतं. त्यांना वाटतं, सुरक्षेसाठी लिहिलंय.

तो रोज दुपारी आमच्या इमारतीच्या सावलीत गाडी लावतो, पोरं शाळेतून यायच्या आधी. मी खाली जाऊन त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसते. भजी आणतो कधी तो, कधी मी चहा नेते. तुला हे कागदावर लिहून काय उपयोग, तुला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवायला तर मीच तिथं यायला हवी. ते होईल तेव्हा होईल. तोवर घडी करून ठेवते.

तो रोज म्हणतो, "आजी, आता कोणी नाही. बसा एकदा. पाठ टेकून बघा." मी म्हणते, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण चढायचं कसंही जमेल मला, बा. उतरताना हात कोणाचा धरायचा, तेवढंच अजून ठरत नाही.